कुठलाही गडद रंग

शेवटचा साधा दिवस मोज्यांत गेला. हा दिवस शेवटचा आहे असं कुणी आधी सांगितलं असतं, तर तिने तो जरा बऱ्या कामात घालवला असता. पण असं कुणी सांगत नाही, आणि सांगितलं असतं तरी शाळेचं पत्रक येऊन पडलं होतं, तेव्हा मोजे काही टळले नसते. सोमवारपासून सर्व विद्यार्थ्यांचे मोजे करडे, बिननक्षीचे आणि घोट्याच्या वर चार बोटं असावेत, असं पत्रकात होतं, आणि तेवढ्यावरून वर्गातल्या पालकांच्या ग्रुपवर सकाळपासून रणधुमाळी माजली होती. एका बापाने विचारलं होतं, चार बोटं कुणाची, मुलाची की सरांची? खेळाच्या सरांची चार बोटं म्हणजे गुडघाच आला. दुसऱ्याची शंका अशी, की मोजताना मूल उभं धरायचं की बसलेलं? एका आईने मुलाच्या घोट्याचा फोटो टाकून ‘हे चालेल का’ म्हणून विचारलं होतं, आणि त्याखाली तिघांनी, बहुधा न बघताच, अभिनंदन केलं होतं. कुणी एक आजोबा, ते ग्रुपमध्ये कसे शिरले देव जाणे, ‘आमच्या वेळी मोजेच नव्हते’ असं लिहून बसले. त्यावर कुणीतरी ‘पाय होते का?’ असं विचारलं आणि आजोबा रागावून ग्रुप सोडून गेले. ओट्याशी उभी राहून ती हे वाचून दाखवत होती, आणि बाबा टेबलाशी बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होते. रविवारी ते जेवायला येत. पांढरा शर्ट, काळी पँट. आई गेल्यापासून एकही रविवार चुकला नव्हता.

‘यात भांडायचं काय?’ डोळे पुसत बाबा म्हणाले. ‘गणवेश म्हणजे केवढी सोय! सकाळी उठून डोक्याला ताप नाही. कपाटात हात घालायचा, हाताला येईल ते बरोबर.’

‘आजोबा, तुला काय जातंय बोलायला,’ बबडी म्हणाली. बबडी म्हणजे तिची मुलगी. तेरा वर्षांची घोडी झाली तरी आजोबांसाठी बबडीच. ‘तुझा घोटा कोण मोजणारे?’

‘माझा गणवेश मी स्वतः ठरवला ना बाई. स्वतः केलेला नियम काचत नाही,’ म्हणत बाबा उठले. ‘आण ती पिशवी. कोपऱ्यावर ते मोठं दुकान झालंय, तिथून घेऊन येतो मोजे. तेवढेच पाय मोकळे होतील.’

‘थांबा, मी येते,’ ती म्हणाली. हे ती विचार करून म्हणाली नव्हती. बाबा कापडाच्या दुकानाच्या दिशेने निघाले की तिच्या तोंडून हे आपोआप बाहेर पडे, जसं कुणी शिंकलं की आपण त्याच्याकडे बघतो. पण तेवढ्यात दूध वर आलं. तिने गॅस बंद केला, ओटा पुसला आणि वळून पाहते तो बाबा जिना उतरून गेलेसुद्धा. परत आले ते विजयी मुद्रेने. ‘करडे, बिननक्षीचे, तीन जोड. काय दुकान आहे! विचारायला माणूस म्हणून ठेवलेला नाही. आपणच उचला, आपणच यंत्राला दाखवा, आपणच पिशवीत भरा. पगार तेवढा देत नाहीत.’ आणि त्यांनी मोजे टेबलावर ठेवले. ते गुलाबी होते. गुलाबी म्हणजे काही संशयाला जागा असावी असेही नव्हेत. तान्ह्या मुलांच्या साबणासारखे फिकट, निष्पाप गुलाबी. बबडीने तोंड उघडलं. टेबलाखालून तिने बबडीच्या नडगीवर पाय हाणला, जरा जोरातच. बबडीने आईकडे पाहिलं, मोज्यांकडे पाहिलं, मग आजोबांकडे. आणि मोठ्या माणसांना शिकवूनही येत नाही अशा सफाईने म्हणाली, ‘मस्त आहेत.’ ‘घालून बघ, मापात पाप नको,’ बाबा म्हणाले, आणि बबडीने मोजा चढवल्यावर गुडघ्यावर हात टेकत, हळूहळू खाली वाकून, त्यांनी आपली चार बोटं तिच्या घोट्यावर आडवी ठेवली. ‘बरोबर चार. सांग तुझ्या बाईंना, आजोबांची बोटं आहेत म्हणावं.’ संध्याकाळी ते गेले. मोजे उद्या गुपचूप बदलून आणायचे, असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या शेजाऱ्यांचा फोन आला, की दार उघडत नाहीत.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल बोलण्यासारखं फार नव्हतं. माणसं आली, चहा झाला, माणसं गेली. ‘झोपेतच गेले, भाग्यवान,’ असं जो तो म्हणाला, आणि ती प्रत्येकाला ‘हो’ म्हणाली. मग बाबांचं कपाट आवरायला ती एकटीच गेली. कपाट उघडलं आणि ती समोरच्या पलंगावर बसली. पांढरे शर्ट. एकावर एक, एकाच कापडाचे, एकाच शिंप्याकडचे. खाली काळ्या पँटी, काळे मोजे. हे तिने जन्मभर पाहिलं होतं, आई थट्टा करायची तीही ऐकली होती: रंगाच्या दुकानातला पांढरा माणूस. साधी राहणी, असं सगळे म्हणत, तीही म्हणे. आज त्या घड्यांसमोर बसून तिला कळलं, की ही साधी राहणी नव्हतीच. ही तटबंदी होती. हाताला येईल ते बरोबर. या कपाटात हात घालणारा माणूस चुकूच शकत नव्हता. केवढा विचार केला असेल यांनी, कुठल्या वयात, कुणाच्या हसण्यानंतर. आणि तिला हे दिसायला कपाटाचा मालक जावा लागला. तिला वाटत होतं, बाबांबद्दलची ती एक गोष्ट आपल्याला पुरती माहीत आहे.

ती गोष्ट तिला चौथीत असताना कळली. बाजाराच्या तोंडाशी रंगाचं दुकान होतं, तिथे बाबा विक्रीला असत. गिऱ्हाईक आलं की बाबा रंगांची पट्टी समोर पसरत आणि स्वतः मात्र काही सुचवत नसत. ‘आधी तुम्ही सांगा, तुम्हाला काय दिसतंय?’ गिऱ्हाईक चाचरत म्हणे, हा जरा पिस्त्यासारखा. ‘अगदी बरोबर ओळखलंत,’ बाबा म्हणत, ‘पिस्ताच. पण कसला पिस्ता? दुपारचा.’ दुपारचा पिस्ता म्हणजे काय ते गिऱ्हाइकाला कळत नसे, आणि म्हणूनच ते दोन डबे जास्त घेऊन जाई. या माणसासारखी रंगाची नजर शहरात नाही, अशी त्यांची ख्याती होती; लोक लांबून त्यांना विचारत येत. एकदा वरच्या मजल्यावरची टाकी फुटली, दुकानाच्या मागच्या खोलीत पाणी शिरलं, आणि डब्यांवरची लेबलं सुटून तरंगायला लागली. शाळा सुटल्यावर ती तिथे पोचली तेव्हा बाबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, उघड्या डब्यांच्या मधोमध खडू घेऊन बसले होते. ‘बरी आलीस,’ ते म्हणाले. ‘आधी तू सांग, मी लिहितो.’ ती सांगत गेली: पिवळा, आकाशी, पांढरा. एका डब्यापाशी तिला हुक्की आली. डब्यात विटकरी रंग होता. ती म्हणाली, हिरवा. आता बाबा टपली मारतील म्हणून तिने मान आत घेतली. बाबांनी डब्यावर लिहिलं, हिरवा. ‘नाही नाही, विटकरी,’ ती घाईने म्हणाली. बाबांनी ओल्या बोटाने हिरवा पुसला आणि विटकरी लिहिलं. डब्यात त्यांनी पाहिलं नाही. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदाही नाही. त्यांनी पाहिलं ते तिच्याकडे, क्षणभर, आणि मग म्हणाले, ‘पुढचा?’ त्यानंतर एकही रंग तिने खोटा सांगितला नाही. घरी आल्यावर ती आईला सांगणार होती, पण आई बाबांच्या हातातले टोमॅटो घेऊन कच्चे मुकाट्याने बाजूला काढत होती, आणि ते काढण्याची तिची तऱ्हा इतकी जुनी, इतकी सराईत होती, की सांगण्यासारखं काही उरलंच नाही. कुणाच्या घरात दारू लपवलेली असते, कुणाच्या घरात पहिली बायको. त्यांच्या घरात रंग लपवलेले होते.

आणि मग तो स्वेटर. ती सातवीत होती. मावशीचा पाय मोडला म्हणून आई तिच्याकडे गेली होती, आणि नेमकी त्याच आठवड्यात थंडी पडली. शाळेचा स्वेटर नेव्ही ब्लू, पूर्ण बाह्यांचा. दुकानातून परतताना, दिवेलागणीला, बाबा लोकरी कपड्यांच्या दुकानात शिरले आणि नेहमीच्या रीतीने म्हणाले, ‘नेव्ही ब्लू दाखवा. आणि आधी तुम्ही सांगा, यातला कोणता?’ दुकानदाराने हात जोडले. ‘साहेब, तुम्हाला मी रंग सांगू? काजव्याने सूर्याला? तुम्ही बोट ठेवा, मी बांधून देतो.’ कीर्ती अशी गळ्याशी येते. बाबांनी बोट ठेवलं. सकाळी तिने पुडा सोडला, आणि आत असा जांभळा रंग होता की खोली उजळली. बाबा दारात उभे होते. ‘बसतोय का?’ ‘बसतोय,’ ती म्हणाली. ‘उबदार आहे ना?’ ‘खूप.’ आणि ती तो घालून शाळेत गेली. शाळेच्या फाटकात ज्या बाई उभ्या असत त्यांना मुली फुटपट्टी म्हणत, कारण त्यांच्या हातात ती असे आणि त्या दिसतही तशाच. फुटपट्टीने तिला दुरूनच हेरलं. न हेरून सांगते कुणाला? ‘हा काय रंग आहे?’ ‘नेव्ही ब्लू.’ ‘हा नेव्ही ब्लू?’ ‘बाबांनी आणलाय. ते रंगाच्या दुकानात असतात.’ ‘अस्सं? मग उद्या पालकसभेला घेऊन ये त्यांना. आम्हालाही शिकू देत.’

दुसऱ्या दिवशी बाबा गेले ते रंगांची पट्टी काखेत मारून. पालकसभा मोठ्या बाईंच्या खोलीत होती. दहा-बारा पालक भिंतीला लागून बसले होते आणि ती स्वेटरसकट मधोमध उभी होती. तिला भीती शिक्षेची नव्हती. बाबा आता सगळ्यांसमोर उघडे पडणार, याची होती. उद्या बाजारात कळणार, परवा मालकाला. पण बाबांनी पट्टी टेबलावर पसरली, चौकोन मोजत बोट नेमक्या जागी नेलं आणि म्हणाले, ‘बाई, नेव्ही ब्लू हा रंग नाही. ते एक कुटुंब आहे. त्यात थोरला आहे, धाकटा आहे, घरातून पळून गेलेलाही एखादा आहे.’

‘हा पळून गेलेलाच दिसतोय,’ मागून एक कंत्राटदार म्हणाले.

‘तुम्ही हसू नका हो,’ दातांचे डॉक्टर मध्ये पडले. ‘यांनी माझा दवाखाना रंगवून दिलाय. मी पांढरा मागितला, तर म्हणाले, हा पांढरा ओरडतो, तुम्ही शांत पांढरा घ्या. आणि खरंच फरक पडला!’

‘म्हणजे पेशंट ओरडायचे थांबले?’

‘नाही. पण आता एकटे पेशंटच ओरडतात.’

खोलीत हशा झाला, आणि हशाबरोबर पालकांना कंठ फुटला. एक आई म्हणाली, आमच्या मुलाचा हिरवट आहे, तो या कुटुंबातला धरायचा का? दुसरीने सांगितलं, की शाळेने नेमून दिलेल्या दुकानातलाच स्वेटर पहिल्या धुण्यात राखेसारखा होतो, आणि मग मुलांना वर्गाबाहेर उभं करता ते कोणत्या तोंडाने? मोठ्या बाईंनी टेबल वाजवलं. त्या तिला दंडाला धरून खिडकीशी घेऊन गेल्या, बाही उजेडात धरली, डोळे बारीक केले. ‘उजेड फसवतो बाई,’ बाबा मृदूपणे म्हणाले, आणि त्या आवाजात इतकी खात्री होती की मोठ्या बाईंची खात्री डळमळताना तिने जवळून पाहिली. शेवटी त्यांनी तिची हनुवटी वर केली. ‘तू सांग. तू खोटं बोलणारी नाहीस. कोणता रंग आहे हा?’ तिने बाबांकडे पाहिलं. बाबा स्वेटरकडे पाहत नव्हते, पट्टीकडेही नाही. ते तिच्याकडे पाहत होते, खडू हातात धरून पाहिलं होतं तसं, जणू पुढचं ती सांगेल ते ते लिहून घेणार होते.

‘निळा,’ ती म्हणाली.

‘कसला निळा?’ कोपऱ्यातून फुटपट्टीने विचारलं.

‘संध्याकाळचा.’

दातांच्या डॉक्टरांनी टाळी वाजवली. आठवड्याने शाळेच्या फळ्यावर सूचना लागली: स्वेटर कुठल्याही गडद रंगाचा चालेल. त्या हिवाळ्यात घराघरांतून जे जे गडद होतं ते बाहेर आलं. तपकिरी, बाटलीहिरवे, काकांचे, आजीचे. सकाळच्या प्रार्थनेला शाळा नव्हे, भंगार बाजार उभा आहे असं वाटे, आणि पालक बाबांना रस्त्यात थांबवून धन्यवाद देत. मोठ्यांचं समाधान झालं. पोरांच्या डोळ्यांना मात्र कोण फसवणार? तिला मुलं ‘वांगं’ म्हणू लागली आणि शाळा संपेपर्यंत ती वांगंच राहिली. बाबांच्या कानावर ते एकदा गेलं. ‘तुला वांगं का म्हणतात ग?’ ‘जाडी आहे म्हणून,’ ती म्हणाली. ती काडीसारखी होती, पण बाबांनी ते मनावर घेतलं आणि महिनाभर तिला रोज पहाटे मैदानाभोवती पळवलं. बाबा कट्ट्यावर बसून, पांढऱ्या शर्टात, फेऱ्या मोजत. ती धापा टाकत पळे आणि मनात म्हणे, हे बरंच आहे, सत्य सांगण्यापेक्षा पळणं सोपं. सभेच्या दिवशी मात्र फाटकाबाहेर बाबांनी शेंगदाण्यांची पुडी घेतली होती. ती तिच्या हातात देण्याआधी ते थांबले. ‘नक्की निळाच आहे ना?’ ‘हो बाबा.’ ‘मग झालं,’ ते म्हणाले, आणि अख्खी पुडी तिला देऊन टाकली, स्वतः एक दाणाही घेतला नाही. त्यानंतर कपडे घ्यायला ते तिच्याशिवाय कधी गेले नाहीत, थेट त्या मोज्यांच्या रविवारापर्यंत. आई परत आली, तिने दोरीवरचा स्वेटर पाहिला, लेकीकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाली, ‘लोकर चांगली आहे.’ बाबांना कळलं होतं का? या प्रश्नाला ती पुढे कितीतरी वर्षं लांबून वळसा घालत आली. त्यांना कळलं असेल, तर तिला माहीत आहे हेही त्यांना माहीत. आणि मग इतकी वर्षं दोघंही एकमेकांना सांभाळत, एकाच दाराला आतून आणि बाहेरून टेकून उभे होते. दार ढकलायला कुणीच नव्हतं.

कपाट आवरल्यावर काही दिवसांनी बबडीच्या शाळेतून फोन आला, तेव्हा ती कामावर, ग्रंथालयात नव्या पुस्तकांच्या पाठींवर क्रमांक चिकटवत होती. मुख्याध्यापिकांनी ताबडतोब बोलावलंय, म्हणाले. बबडी पडली असेल, या विचाराने ती निघाली. डिंकाचं बोट तिने रिक्षात पुसलं. बबडी पडलेली नव्हती. मुख्याध्यापिकांच्या खोलीत ती खुर्चीच्या बाजूला ताठ उभी होती, आणि तिच्या पायांत ते मोजे होते. घोट्याच्या वर बरोबर चार बोटं. ते बदलायचे राहून गेले होते, कुठल्या खणात गेले हेही ती विसरली होती. ‘मोज्यांचं एवढं नाही हो,’ मुख्याध्यापिका म्हणाल्या. वयाने तिच्याहून लहान, बोलायला गोड. ‘घरात काय झालंय ते मला माहीत आहे. आजोबांची आठवण म्हणून गुलाबी घातले, असं म्हणाली असती तर मी काही बोलले नसते. पण ही म्हणते, हे करडेच आहेत! माझ्या तोंडावर. वर्गाला विचारलं, तर अख्खा वर्ग गुलाबी म्हणाला. त्यावर ही म्हणते, वर्गाने डोळे तपासून घ्यावेत.’

‘आजोबांनी करडे म्हणून आणलेत,’ बबडी म्हणाली. ‘म्हणजे करडेच.’

‘बघा! आता तुम्हीच सांगा. तुम्ही आई आहात, वाचन-लेखनातल्या आहात. कोणता रंग आहे हा?’

बबडीने तिच्याकडे पाहिलं. ही नजर तिने पूर्वी कधी पाहिली नव्हती, कारण त्या पालकसभेत ती तिच्या स्वतःच्याच चेहऱ्यावर होती. उत्तर जिभेवर तयार होतं. करडा. आणि कसला करडा म्हणून विचारलं असतं तर तेही तयार होतं: पहाटेचा. ही खोलीही तिने जिंकली असती; एवढा वारसा तिच्याकडे नक्की होता. पण जिंकून द्यायची कुणाला? भिंतीला लागून खुर्च्या होत्या, रिकाम्या. पांढरा शर्ट कुठेच नव्हता. आणि ही पोर आता पुढची तीस-चाळीस वर्षं आईच्या वाट्याचं पळत राहणार, कट्ट्यावर मोजणारं कुणी नसताना.

‘गुलाबी,’ ती म्हणाली.

‘आई!’

‘गुलाबीच आहेत. माझ्या वडिलांना ते करडे दिसले. त्यांना रंग ओळखता येत नव्हते.’ वाक्य संपलं. छत जागेवर होतं. ‘उभं आयुष्य त्यांनी रंगाच्या दुकानात काढलं. शहरभर रंग विकले.’

‘कुठले रंग?’ मुख्याध्यापिकांनी गोंधळून विचारलं.

‘सगळे,’ ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. बाबा गेल्यापासून ती रडली नव्हती, आणि आता हसता हसता ते दोन्ही एकदमच यायला लागलं, कुठलं कुठे थांबतं ते कळेना. मुख्याध्यापिकांनी घाईघाईने पाण्याचा पेला पुढे सरकवला. ‘अहो, राहू देत मोजे,’ त्या म्हणाल्या. ‘आठवडाभर राहू देत. महिनाभर राहू देत.’

‘तुला माहीत होतं?’ बबडीने विचारलं.

‘चौथीपासून.’

‘मग त्यांना कधी सांगितलं का नाहीस?’

तिने पेला खाली ठेवला. बबडीकडे नाही, मुख्याध्यापिकांकडे नाही. भिंतीशी असलेल्या रिकाम्या खुर्च्यांतल्या एका खुर्चीकडे वळून, मोठ्या बाईंनी हनुवटी वर केली होती तशी आपणच मान वर करून, तिने स्पष्ट आवाजात सांगितलं:

‘बाबा, तो स्वेटर जांभळा होता. चक्क जांभळा. वांग्यासारखा.’